जोडीचा नसलेला तुकडा

रायपूरच्या बूढापाऱ्यातील एका जुन्या मराठी घराच्या गच्चीवर मृग लागण्याआधी गोधड्या उन्हात पडतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, म्हणजे १८५४ च्या आधी कधीतरी, इकडे आलेले हे घराणे. पुण्याहून येणाऱ्या आप्तांना त्यांची मराठी खटकते: वाक्य मराठी, मधूनच छत्तीसगढी शब्द, हेल हिंदीचा. ‘तुमची भाषा भेसळीची झाली,’ असे एकदा कुणी म्हणाले, तेव्हा घरच्या आजी नुसत्या हसल्या. मात्र नव्या सुनेने गोधडीतला बस्तरचा जाडाभरडा तुकडा उसवायला घेतला, तेव्हा त्या गप्प राहिल्या नाहीत. आलाच्या मुळ्यांनी रंगवलेले पनिका विणकरांचे ते तांबूस सूत मऊ लुगड्यांच्या शेजारी विजोड दिसत होते, हे खरेच. ‘राहू दे ग तो,’ आजी म्हणाल्या. ‘जोडीचा नाही, म्हणून तर नजर जाते त्याच्यावर.’

विजोडपणाच्या या न्यायावर केंझो ताकादा या जपानी वेशकाराची कीर्ती उभी राहिली. जन्म हिमेजीचा, १९३९ चा. तोक्योतले त्याचे बिऱ्हाड ऑलिंपिकच्या बांधकामापायी पाडले जाणार होते. त्याच्या भरपाईच्या पैशांतून त्याने बोटीचे तिकीट काढले आणि हाँगकाँग, सायगाव, मुंबई अशी बंदरे पाहत १९६५ च्या पहिल्याच दिवशी तो पॅरिसला उतरला. १९७० मध्ये त्याने दुकान थाटले, तेव्हा भारी कापडाला पैसे नव्हते. मोंमार्त्रच्या बाजारातून मिळेल ते स्वस्त कापड आणून त्याने पहिले कपडे बेतले. फुलांशेजारी पट्टे, पट्ट्यांशेजारी चौकडी. पुढे त्या कपड्यांत देशोदेशींच्या ग्रामीण पेहरावांची छटा आली. त्याला विश्वबंधुत्वाचा शिंपी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण या संमिश्रतेचे मूळ तत्त्वज्ञानात नसून टंचाईत आहे, हे विसरले की तिचे बळच कळत नाही.

आणखी एक गोष्ट. किमोनो सरळ पट्ट्यांचा बनतो. अंगाच्या वळणांसाठी कापडाची फारशी कापाकापी होत नाही. केंझोचे ऐसपैस बेत याच संस्कारातले, म्हणून त्याच्या कपड्यांवर नक्षी सलग श्वास घेते. नऊवारी लुगडे तर अखंडच. नेसून जीर्ण झाल्यावरही त्यात गोधडीपुरते कापड उरते, ते त्यामुळेच. विदर्भातल्या करवतकाठीत तर टसरच्या अंगाला सुती काठ मागावरच सांधला जातो आणि त्या सांध्याचे दाते दडवण्याऐवजी मिरवले जातात.

फरक पडतो तो नावाचा. केंझोच्या कपड्यावर फूल कोणत्या गावचे, ते लिहिलेले नसते; लिहिलेले असते केंझोचे नाव. तेही १९९३ मध्ये एका बड्या फ्रेंच उद्योगसमूहाला विकले गेले, १९९९ मध्ये तो स्वतः बाजूला झाला, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये करोनाने तो गेला तेव्हाही दुकानांवर पाटी त्याच्याच नावाची होती, कपडे दुसऱ्यांचे. बूढापाऱ्यातील गोधडीवर कुणाचेच नाव नाही, पण प्रत्येक तुकडा कुणाचा ते आजींना ठाऊक आहे: हा सासूबाईंच्या लुगड्याचा, हा भंडाऱ्याच्या मावशीचा, आणि हा तांबूस, जगदलपूरला बदली झालेल्या दिरांनी आणलेला.

सुनेने सुईत दोरा ओवला. उसवलेले चार टाके तिने पुन्हा घातले; दोरा मात्र हिरवा घेतला. आजींनी तो पाहिला आणि गोधडी उलटी करून वाळत घातली.