एकशे सत्तर मिलिमीटर

बजेट 15 लाख. त्यातले 4 माझे, बाकी कर्ज. एवढ्यात दोन गाड्या बसत होत्या: नवी छोटी एसयूव्ही किंवा 6 वर्षं वापरलेली जर्मन सेडान. सेडान नवी असताना 45 लाखांची होती. म्हणजे आपले 30 लाख वाचतायत, असं मी स्वतःला दोन आठवडे पटवत होतो.

मालक रत्नागिरीतलाच. म्हणाला, "हवी तिथे फिरवून आणा." मी ती घरी नेली. भाट्याच्या पुलावर काच वर केली आणि वारा, समुद्र, मागचा टेम्पो, सगळे एकदम गप्प. तेव्हाच मनातल्या मनात मी ती घेऊन टाकली.

पावसच्या रस्त्यावरून आमच्या वाडीत उतरताना पऱ्यावर मोरी आहे, आणि लगेच चढ. तिथे गाडीचं पोट जांभ्याला घासलं. आवाज ओटीवर बसलेल्या बाबांपर्यंत गेला. ते फक्त म्हणाले, "आता पावसात काय करशील रे?"

यातली गंमत मला नंतर कळली. जीएसटीत मोठ्या एसयूव्हीची व्याख्या होती: लांबी 4 मीटरपेक्षा जास्त, इंजिन 1500 सीसीच्या वर आणि जमिनीपासून उंची 170 मिलिमीटर किंवा अधिक. अशा गाडीवर सेससह 50 टक्के कर. आमच्या रस्त्यांना जी उंची लागते, ती सरकारच्या हिशेबात चैन! 22 सप्टेंबर 2025 पासून सेस गेला. आता 4 मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना 18 टक्के, मोठ्या गाड्यांना 40. छोटी एसयूव्ही माझ्या आवाक्यात आली ती त्यामुळेच.

पण निर्णय कराने केला नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, कोल्हापूरला. म्हणजे आंबा घाटातून वरचेवर खेपा. मी तिला सेडानमध्ये बसवलं. "बसले बाई," ती म्हणाली, "पण आता उठू कशी?" बाबांनी एक हात धरला, मी दुसरा. आमच्यासमोर असं उठवून घ्यावं लागलं, याचीच तिला लाज वाटली. ते मला गाडी घासल्यापेक्षा जास्त लागलं.

मग आकडेही दिसायला लागले. त्या सेडानचा एक टायर माझ्या महिन्याच्या हप्त्याएवढा होता. वाचलेले 30 लाख पहिल्या मालकाचे बुडाले होते. माझा खर्च मात्र 45 लाखांच्या गाडीचाच राहणार होता.

एसयूव्ही घेतली. तीही शोरूममध्ये सही करण्याआधी घरी आणली. क्रॅश टेस्टचे स्टार पाहिले, डिकीत आंब्याच्या पेट्या लावून पाहिल्या आणि शेवटी आईला बसवलं. सीट साधारण आमच्या जेवणाच्या खुर्चीएवढी उंच. ती कुणाचा हात न धरता उतरली, आणि ओटीवर जाऊन चहा ठेवते म्हणाली.

पुलावर काच वर केली तरी या गाडीत टेम्पो ऐकू येतो. कधी कधी त्या शांततेची आठवण येते, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही गाडी बघत असाल तर एवढं करा: घरात ज्याचे गुडघे सगळ्यात जास्त दुखतात, त्याला आधी बसवा. मग किंमत विचारा.