पिको रस्त्यावरची ज्युएलबाई

२०२५ च्या जुलैमधली गोष्ट. पाऊस लागलेला, घोलवडकडच्या वाडीत चिकू भरायचे काम थंडावलेले, म्हणून मी डहाणूला घरीच होते. रात्री भाच्याचा फोन आला. रडत होता. "आत्या, ज्युएल गेली." मी विचारले, कोण ज्युएल? तुझ्याबरोबर कामाला होती का? तो रडता रडता हसला.

ज्युएल थाईस-विल्यम्स ही अमेरिकेत लॉस एंजेलिसला नाचाचा क्लब चालवणारी काळी बाई. ७ जुलैला, ८६ व्या वर्षी वारली. भाच्याने तिला कधी पाहिले नव्हते. तिच्यावरचा माहितीपट मोबाईलवर पाहिला होता, तेवढीच ओळख.

वाचकहो, माझा हा भाचा समलिंगी आहे. त्याला विचारूनच हे लिहिते आहे.

माझा भाऊ तलासरीला राहतो, उंबरगावच्या कारखान्यात कामाला जातो. पोराने घरात सांगितले त्या दिवशी भावाने त्याची बॅग अंगणात ठेवली. तो माझ्याकडे आला. मी जेवायला वाढले, पण रात्री म्हणाले, "बाळा, शेजारीपाजारी बघतात, माझ्या मुलीचे लग्न ठरायचे आहे. तू मुंबईलाच कुठे बघ." हे मीच बोलले. भावाला नावे ठेवण्याआधी माझे सांगितलेले बरे.

मुंबईत शनिवारी रात्री अशा मुलांच्या पार्ट्या होतात. एकदा हा हौसेने गेला. दारावरच्या माणसाने चपला पाहिल्या, बोलणे ऐकले आणि सांगितले, आज जागा नाही. मागून इंग्रजीत बोलत आलेले चौघे सरळ आत गेले. शेवटची गाडी निघून गेलेली. विरारच्या फलाटावर बसून पहाटेच्या डहाणू गाडीची वाट बघताना त्याने तो माहितीपट पाहिला.

ज्युएलच्या शहरात हेच चालत होते. गोऱ्या समलिंगी लोकांच्या क्लबात काळा माणूस आला की त्याच्याकडे दोन-दोन, तीन-तीन ओळखपत्रे मागायची. गोऱ्याला तसेच आत सोडायचे. स्वतः समाजाने हाकललेली माणसे, पण दारावर उभी राहिली की तीच रीत. आपल्याला हे समजावून सांगायला नको.

ज्युएलचे आधी कपड्यांचे दुकान होते. मंदीत धंदा बसू लागला. मग तिने १९७३ मध्ये पिको बुलेव्हार्ड नावाच्या रस्त्यावर बार घेऊन 'कॅच वन' उभा केला. दारूचा धंदा म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठी पडली. आमच्या वस्तीत बाटलीने किती घरे बसवली ते मी पाहिले आहे. भाच्याला तसे म्हणालेही. तो म्हणाला, "आत्या, लोक बाटलीसाठी नव्हते गं जात. तिथे दारावर कोणी अडवत नव्हते म्हणून जात होते." पोलिसांचा त्रास झाला. १९८५ मध्ये आग लागून मोठे नुकसान झाले. बाईने तो पुन्हा उभा केला आणि २०१५ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षे चालवला.

मला मात्र तिची दुसरी बाजू जास्त भावली. एड्सची साथ आली तेव्हा घरच्यांनी टाकलेली माणसे तिच्या ओळखीची होती, रोज नाचायला येणारी. तिने आणि तिची जोडीदारीण रू हिने एड्स झालेल्या बाया आणि त्यांची मुले यांच्यासाठी 'रूज हाउस' नावाचे घर काढले. साठीला टेकल्यावर बाई चिनी वैद्यक शिकली आणि २००१ मध्ये क्लबच्या शेजारीच गरिबांसाठी दवाखाना सुरू केला. २०१९ मध्ये तिथल्या चौकाला तिचे नाव दिले, तेव्हा ती हयात होती.

बाबासाहेबांनी १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा खटला मुंबई हायकोर्टात लढवला, हेही मला भाच्यानेच सांगितले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना कर्व्यांनी उत्तरे दिली, त्यांत समलिंगी संबंधांचाही विषय होता, म्हणून अश्लीलतेचा खटला भरला होता. तो हरले. पुढे ८४ वर्षांनी, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने अशा दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना गुन्ह्यातून काढले. दर सहा डिसेंबरला मी चैत्यभूमीला जाते, आणि ही खटल्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती.

त्या फोनवर मी त्याला म्हणाले, रविवारी ये.

आला. बरोबर एक सडपातळ मुलगा होता. दारातच त्याने जयभीम घातला. मुलीने चहा टाकला. शेजारीण डोकावली, "कोण आलंय?" मी म्हणाले, माझा भाचा आणि त्याचा जोडीदार. आवाज जरा मोठाच लागला माझा.

संध्याकाळच्या गाडीला निघताना दोघांना सुके बोंबील बांधून दिले. मग तलासरीला फोन लावला. "पोरगा आला होता," एवढेच सांगितले. भाऊ काही बोलला नाही. पण फोन त्याने ठेवला नाही. मागे टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या, मी त्या बराच वेळ ऐकत राहिले.