जिमखान्याची किल्ली

आमच्या महाविद्यालयात विद्वान प्राध्यापक पुष्कळ होते. परंतु ज्यांच्या खोलीचे दार कधीही लोटलेले नसे, असे एकच होते. ते म्हणजे आमचे जिमखान्याचे सर. त्यांचे खरे पद ‘शारीरिक शिक्षण संचालक’ असे होते. ते दारावरील पाटीवर लिहिलेलेही होते. पण ते नाव घेऊन त्यांना हाक मारताना मी कोणाला ऐकले नाही.

१९७८ साली मी माणदेशातील एका खेड्यातून शहरात शिकावयास आलो. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि चार बुके एवढाच माझा संसार. मी तोंड उघडले की वर्गातील मुले माझ्या बोलीला हसत. म्हणून मी तोंड उघडणेच सोडून दिले. संध्याकाळी वसतिगृहातील खोली खावयास उठे. तेव्हा मी मैदानाच्या कडेच्या बांधावर जाऊन बसे आणि दिवेलागणीपर्यंत इतरांचे खेळ पाहत राही.

पंधरा-वीस दिवस सरांनी मला पाहिले असावे. एके दिवशी ते बांधापाशी आले.

“काय रे, रोज नुसता बसतोस?”

“मला खेळता येत नाही, सर.”

“राहिले. मोजता तरी येते ना?”

त्यांनी खिशातून जिमखान्याच्या कोठीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. चेंडू, बॅटी, जाळी, हवा भरण्याचा पंप, सारे मोजून ठेवायचे. कोणी काय नेले ते वहीत टिपायचे. आणि येणाऱ्या प्रत्येकाचे नाव विचारायचे. “नाव विचारल्याशिवाय कोणाला चेंडू द्यायचा नाही,” असे त्यांनी बजावले होते. मला वाटले, चेंडू हरवू नयेत म्हणून हा बंदोबस्त असावा. वर्षअखेरीस माझ्या ध्यानात आले, की दोनशेच्या वर मुलांची नावे मला तोंडपाठ झाली आहेत आणि तितकीच मुले रस्त्यात मला नावाने हाक मारीत आहेत. माझी बोली तीच होती. तिला आता कोणी हसत नव्हते.

सरांची एक पद्धत मला फार आवडे. खेळावयास मुले जमली, की आपापल्या गोतावळ्याचे संघ करण्याची त्यांची धडपड चाले. शहरातली एकीकडे, खेड्यातली दुसरीकडे. विज्ञानवाले एकीकडे, कलावाले दुसरीकडे. सर मुठीत कॅरमच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या घेऊन येत. ज्याला काळी सोंगटी येईल तो या बाजूस, पांढरी येईल तो त्या बाजूस. कुरकुर करणाऱ्यास ते म्हणत, “सोंगटीकडे तक्रार कर, माझ्याकडे नको.” ज्याचे खानावळीचे पैसे थकत, त्याला ते मैदानावर चुन्याच्या रेघा मारण्याचे काम देऊन त्याची मजुरी रोख हातावर ठेवीत. त्या वर्षी आमच्या मैदानावरील रेघा जरा जास्तच वेळा मारल्या गेल्या, असे मला आता वाटते.

बास्केटबॉलचा जन्म कसा झाला, हे मी त्यांच्याच तोंडून प्रथम ऐकले. श्रावणातली संध्याकाळ होती. मैदानात गुडघाभर पाणी साचले होते. साऱ्या वसतिगृहाची मुले जिमखान्याच्या एका दालनात कोंडली गेली होती आणि टेबल टेनिसच्या एकुलत्या एका टेबलावरून भांडण हातघाईवर आले होते. सरांनी आवाज चढविला नाही. ते टेबलावरच चढून बसले आणि म्हणाले, “तुमच्यासारख्याच अठरा जणांची गोष्ट सांगतो.” सरांचे शिक्षण मद्रासला झाले होते. तेथे हॅरी बक या अमेरिकन गृहस्थाने १९२० साली व्यायामशिक्षक तयार करणारे वाय. एम. सी. ए.चे विद्यालय काढले. ही गोष्ट सरांनी तेथेच ऐकली होती.

अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी त्याच संस्थेचे एक विद्यालय होते. १८९१ सालच्या हिवाळ्यात बाहेर बर्फ पडलेले आणि आत अठरा जणांचा एक वर्ग रोजच्या त्याच त्या कवायतीला विटून गेलेला. दोन शिक्षकांनी त्या वर्गापुढे हात टेकले होते. तेव्हा प्रमुख ल्यूथर ग्युलिक यांनी तो वर्ग जेम्स नेस्मिथ या तीस वर्षांच्या शिक्षकाकडे सोपविला आणि छपराखाली खेळता येईल असा नवा खेळ काढण्यास चौदा दिवसांची मुदत दिली.

हे नेस्मिथ मूळचे कॅनडाचे. नवव्या वर्षी त्यांचे आईवडील विषमज्वराने गेले आणि मामा-काकांच्या आधाराने ते वाढले. मध्येच शाळा सोडून त्यांनी काही वर्षे जंगलात लाकूडतोड्याचे काम केले आणि मग मोठेपणी पुन्हा शाळेच्या बाकावर जाऊन बसले. चौदा दिवसांपैकी बहुतेक दिवस त्यांना अपयशच आले. बाहेरचा कोणताही खेळ आत आणला, की धक्काबुक्की होऊन कोणीतरी जायबंदी होई. शेवटी त्यांनी विचार केला, की धक्काबुक्की होते ती चेंडू घेऊन पळणाऱ्यास अडविण्यासाठी. पळणेच काढून टाकले तर? मग चेंडू टाकावयाचा कोठे? येथे त्यांना लहानपणचा एक खेळ आठवला. आपल्या लगोरीचा तो दूरचा भाऊबंद म्हणावा. मोठ्या दगडावर लहान दगड ठेवून तो लांबून पाडावयाचा. त्यात जोराने भिरकावलेला दगड दूर जाऊन पडे. कमान घेत अलगद टाकलेला दगड मात्र नेम साधी. लक्ष्य उंचावर आडवे ठेवले, तर जोराचा उपयोग नाही, अलगदपणाच हवा!

नेस्मिथांनी देखभाल करणाऱ्या नोकराकडे दोन चौकोनी खोकी मागितली. त्याच्यापाशी खोकी नव्हती. सप्ताळूच्या, म्हणजे पीच फळांच्या, दोन टोपल्या तेवढ्या होत्या. त्या दालनाच्या सज्जाला ठोकल्या. सज्जाची उंची दहा फूट होती, म्हणून जगभर आजही बास्केटबॉलचे कडे दहा फुटांवर असते! तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि २१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ-नऊ जणांचे दोन संघ खेळले. साऱ्या सामन्यात एकच चेंडू टोपलीत पडला. टोपलीला बूड होते. तेव्हा तो काढावयास शिडी लावावी लागली.

येथे मुले खो-खो हसली. सर टेबलावरून उतरले आणि म्हणाले, “चला, आता या टेबलासाठी तुम्ही नियम लिहा.” आम्ही खरोखरच सात नियम लिहिले. त्यांपैकी पहिला ‘हरणाऱ्याने कुरकुरू नये’ असा होता. तो कोणीही पाळला नाही.

नेस्मिथांची गोष्ट मला तेवढीच ठाऊक होती. तिचा उत्तरार्ध मी सेवानिवृत्तीनंतर सवडीने वाचला, आणि मला तो पूर्वार्धाहून मोठा वाटतो. १८९८ साली वैद्यकाची पदवी घेऊन नेस्मिथ कॅन्सास विद्यापीठात गेले आणि १९३७ पर्यंत तेथेच राहिले. सकाळची प्रार्थना चालविणे आणि विद्यार्थ्यांना व्यायाम शिकविणे हे त्यांचे काम. विद्यापीठाच्या संघाचेही ते पहिले प्रशिक्षक. गंमत अशी, की खेळ ज्याने जन्माला घातला, त्याच्या हाताखाली संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले! याचे त्यांना दुःख झाल्याचे दिसत नाही. त्या खेळातून त्यांनी धनही जोडले नाही. त्यांनी लिहिलेल्या तेरा नियमांचे ते कागद २०१० साली चाळीस लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले. तोवर नेस्मिथांना जाऊन एकाहत्तर वर्षे लोटली होती.

१९३३ साली त्या विद्यापीठात जॉन मॅक्लेन्डन नावाचा एक कृष्णवर्णी विद्यार्थी आला. त्याला बास्केटबॉलचा शिक्षक व्हावयाचे होते. वडिलांनी सांगितल्याप्रमाणे तो थेट नेस्मिथांकडे गेला आणि तुम्हीच माझे मार्गदर्शक व्हा, असे म्हणाला. नेस्मिथांनी त्याला जवळ केले. परंतु विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. ती भिंत नेस्मिथांनाही पाडता आली नाही. मॅक्लेन्डन त्या संघातून एकही सामना खेळू शकला नाही. तो तेथील पोहण्याच्या तलावात उतरला, तेव्हा तलावाचे सारे पाणी काढून टाकण्यात आले.

हे वाचताना महाडच्या चवदार तळ्याची आठवण कोणास होणार नाही? १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा आपल्याकडील लोकांनीही तळ्याची शुद्धी केली होती. समुद्राच्या अलीकडे आणि पलीकडे माणसाची बुद्धी एकाच मार्गाने चालली, याची मला लाज वाटली.

मॅक्लेन्डन मागे हटला नाही. पुढे तो तलाव त्याच्या बांधवांना खुला झाला. १९३६ साली त्याने पदवी घेतली आणि तो मोठा प्रशिक्षक झाला. १२ मार्च १९४४ रोजी, एका रविवारी सकाळी, उत्तर कॅरोलायनातील डरहॅम येथे त्याच्या कृष्णवर्णी संघाने ड्यूक विद्यापीठातील गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांशी दारे बंद करून सामना खेळला. तेव्हा तेथे असा सामना निषिद्ध होता. मॅक्लेन्डनच्या मुलांनी तो ८८ विरुद्ध ४४ असा जिंकला. त्यानंतर दोन्ही संघांतील मुले एकमेकांत मिसळली आणि त्यांनी मिश्र संघ करून आणखी एक सामना खेळला.

येथे माझा वाचता वाचता हात थांबला. मला कॅरमच्या सोंगट्या आठवल्या, आणि त्यामागोमाग, आठवू नये असे वाटणारे दुसरेही काही आठवले.

मी मुख्याध्यापक असताना आमची शाळा एका साखर कारखान्याजवळ होती. हिवाळ्यात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येत आणि शाळेच्या कुंपणापलीकडे त्यांच्या कोप्या पडत. २००५ साली तेथील एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी तारेला धरून आमच्या मुलांचा बास्केटबॉल पाहत उभा राही. एकदोन चेंडू हरवले होते. मी शिपायास सांगून मागचे फाटक कुलूपबंद केले आणि त्या मुलाला तेथून हुसकावयास सांगितले. तो जाई आणि पुन्हा येई.

फेब्रुवारीत क्रीडास्पर्धांच्या बक्षीस समारंभास मी माझ्या सरांना बोलाविले. सर तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हातात काठी. चहा घेता घेता त्यांची दृष्टी कुंपणाकडे गेली.

“तो मुलगा कोण रे?”

“बाहेरचा आहे, सर.”

“नाव काय त्याचे?”

मला नाव ठाऊक नव्हते. चार महिने मी त्याला रोज पाहत होतो. तो चेंडू तर नेणार नाही ना, हा विचार मी कितीदा तरी केला. हा शाळेत का नाही, हा विचार मुख्याध्यापक असूनही माझ्या मनात एकदाही आला नव्हता. सर काही बोलले नाहीत. ते काठी टेकीत कुंपणापाशी गेले आणि तारेपलीकडच्या त्या मुलाशी बराच वेळ बोलत राहिले.

त्याच संध्याकाळी मी फाटक उघडावयास सांगितले. किल्ली गंजली होती. कुलपात तेल सोडावे लागले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः कोपीवर जाऊन मुलाच्या आईला भेटलो. तो शाळेत येऊ लागला. चेंडू हातात आल्यावर पहिले दोन दिवस तो तो नुसता पोटाशी धरून उभा राही. मग टाकू लागला. आणि टाकी, तो अगदी अलगद, कमान घेऊन.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कारखान्याचा पट्टा पडला. एका पहाटे बैलगाड्या निघून गेल्या. मी शाळेत पोहोचलो, तेव्हा कुंपणापलीकडे चुलींचे काळे दगड तेवढे उरले होते. त्या वर्षीच्या हजेरीपटात शेवटच्या ओळीत त्याचे नाव माझ्या अक्षरात आहे. त्याच्यापुढे अकरा दिवसांची हजेरी आहे. पुढचे रकाने कोरे आहेत.