काळाचौकी ते माटुंगा

परवां आम्ही कॉटन ग्रीन स्टेशनावर उतरून काळाचौकींतून पायीं निघालों. जेथें पूर्वीं गिरणीच्या भोंग्यावर घराघरांतील चूल पेटे, तेथें १९८२ च्या संपानंतर एकेक भोंगा मुका होत गेला. लालबाग-परळ ओलांडून माटुंग्यास आलों, तों तेथील रसायनतंत्राची संस्था मात्र विद्यार्थ्यांनीं गजबजलेली दिसली. मुंबई विद्यापीठानें १९३३ सालीं ती विभाग म्हणून काढिली. कापडाच्या गिरण्यांना या शास्त्राची गरज होती. आश्रयदाते गेले, विद्या राहिली!

येथेंच १९६९ सालीं डॉ. रघुनाथ माशेलकर यांनीं रासायनिक अभियांत्रिकींत डॉक्टरेट मिळविली. जन्म गोव्यांतील माशेलचा. बालपण गिरगांवांत, विधवा आईच्या कष्टांवर गेलें. पुढें ते इंग्लंडांत सॅल्फर्ड येथें अध्यापन करूं लागले. तेथें बस्तान बसलें असतां १९७६ सालीं ते परतले, ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत. १९८९ सालीं तिचे संचालक झाले.

घरांतील मुलगा अथवा मुलगी अशी पदवी घेऊन परदेशीं निघाली, कीं वडीलधारीं माणसें ‘परत केव्हां?’ एवढेंच विचारतात. ही माया खरी. पण मायेनें माणूस परतला, तरी त्याच्या विद्येस काम लागतेंच. पुण्यास प्रयोगशाळा होती, म्हणून तें परतणें सार्थ झालें. तेव्हां ‘परत केव्हां?’ याच्या जोडीस ‘परत येऊन कोठें?’ हेंही घरांत बोललें जावें. आणि त्याचें उत्तर एकट्या मुलावर न सोडतां आपण सर्वांनीं शोधावें.