टॅब्लेटमधला वंशवृक्ष आणि पणजीचे नाव

आमच्या मुलीचे जात पडताळणीचे प्रमाणपत्र काढायचे होते, त्या वेळी आम्ही आयुष्यात पहिल्यांदा वंशावळ लिहिली. आपल्या समाजातल्या बहुतेक घरांना हा अनुभव आहे. अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने १० ऑगस्ट १९५० रोजी जाहीर झाली, म्हणून त्या तारखेपूर्वीचा पूर्वजांचा पुरावा शोधावा लागतो. १९९० साली त्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, तरी जुना कागद लागतोच. आमचा कागद खटाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत सापडला. दाखल-खारीज रजिस्टरात आजोबांचे नाव, जात महार, दाखल साल १९३१. त्या एका ओळीच्या आधारावर प्रतिज्ञापत्र झाले. पणजोबा, आजोबा, वडील, आम्ही आणि मुलगी अशी पाच नावे एकाखाली एक, मध्ये उभी रेघ. प्रमाणपत्र मिळाले, घरात पेढे वाटले.

मुलगी तो कागद बघत बसली होती. म्हणाली, "पप्पा, यात बाई एकच आहे. ती मी."

आम्ही वीस वर्षे रजिस्टरे लिहीत आलो, समाजकार्यात शेकडो लोकांचे अर्ज भरून दिले. पण ही गोष्ट आमच्या नजरेला कधी खटकली नव्हती.

२०२० च्या टाळेबंदीत मुलीच्या अभ्यासासाठी आम्ही हप्त्यावर एक टॅब्लेट घेतला होता. तिने त्यात वंशवृक्षाचे एक फुकट ॲप उतरवून घेतले आणि रविवारी दुपारी आम्हांला शेजारी बसवले. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक माणसाचा एक चौकोन असतो. चौकोनावर बोट ठेवले की नाव, जन्म, मृत्यू, फोटो आणि टिपण यांच्या जागा उघडतात. एका माणसाला आई-बाप जोडा, नवरा किंवा बायको जोडा, मुले जोडा, की झाड आपोआप वाढते. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्ने होत आली, त्यामुळे एकच माणूस दोन बाजूंनी नातेवाईक लागतो. कागदावर त्याचा गुंता होतो. टॅब्लेटमध्ये तो माणूस एकदाच लिहायचा आणि दोन्हीकडून जोडायचा.

आमच्या विहारातल्या एका ज्येष्ठ बंधूंना हे कळले, तेव्हा ते रागावले. "जन्माने कोणी मोठा होत नाही असे तथागतांनी सांगितले, बाबासाहेबांनी जन्मावर आधारलेली उतरंड नाकारली. मग आपल्याला कसले आले आहे घराणे?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. ज्यांना घराणे मिरवायचे असते, त्यांच्या पिढ्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत लिहिलेल्या असतात. ज्या नाशकात काळाराम मंदिरात जाण्यासाठी १९३० साली आपल्या माणसांना सत्याग्रह करावा लागला, तिथल्या वहीत आमच्या पणजोबांचे नाव कोठून असणार? आम्ही त्या बंधूंना एवढेच म्हणालो, की आम्हांला घराणे मिरवायचे नाही. आमची माणसे कशी जगली ते मुलांना माहीत असावे, एवढाच हेतू आहे.

काम सुरू झाल्यावर पहिली गंमत तारखांची झाली. ॲपने एका संध्याकाळी दाखवले, की आमच्या घरातल्या सात माणसांचा वाढदिवस १ जून आहे. जुन्या मास्तरांनी शाळेत घालताना सरसकट तीच तारीख लिहिली होती. आमच्या वडिलांची आत्या गावी असते, आम्ही तिला आत्याआजी म्हणतो. वय नव्वदीच्या घरात. तिच्या हिशेबात तारीखच नाही. मानमोडीच्या साथीत कोण गेले, कोयनेच्या भूकंपाच्या साली कोणाचे लग्न झाले, मोठ्या दुष्काळात कोणाला मूल झाले, असे ती सांगते. मुलगी ते ऐकून १९१८, १९६७, १९७२ अशी साले लिहीत गेली. ॲपमध्ये तारखेआधी 'अंदाजे', 'पूर्वी' किंवा 'नंतर' लिहिण्याची सोय आहे. ती आम्हांला फार उपयोगी पडली.

आमच्या हातून एक मोठी चूकही झाली. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे एकाच नावाची तीन माणसे झाली होती. ॲपने विचारले, की हे दोन चौकोन एकाच माणसाचे आहेत काय? आम्ही घाईने होय म्हटले. पणजोबांचे वडील आणि आमचे चुलते एक झाले, आणि चुलतीचे लग्न १८९० च्या आसपास जन्मलेल्या माणसांच्या वडिलांशी लागले! घरात सगळे हसले, पण ते निस्तरायला दोन रविवार गेले.

झाड बरेच भरले, तेव्हा मुलीने सगळा पसारा एका पडद्यावर आणला. आम्ही वरून खाली नावे वाचू लागलो आणि गप्प झालो. वरच्या ओळींत दगडू, कचरू, धोंडू, केराबाई. आमच्या वडिलांचे नाव पंढरपूरच्या देवाचे. पण त्यांच्याच पाठच्या, १९५६ नंतर जन्मलेल्या भावाचे नाव तथागतांचे, आणि धाकट्या बहिणीचे नाव तथागतांना खीर देणाऱ्या सुजातेचे. आई-बाप तेच, गिरणगावातली चाळीची खोली तीच. मध्ये काय घडले? आमचे आजोबा ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराला गेले होते. तिथे भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून ज्या अफाट जनसमुदायाने धम्मदीक्षा घेतली, त्यात ते होते. ती एक संध्याकाळ आमच्या वंशवृक्षात आडव्या रेघेसारखी दिसत होती.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव तिरस्कार दाखवणारे असावे असे सांगितले आहे. ती मनुस्मृती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली. हे सगळे आम्ही गावी जाऊन आत्याआजीला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आरं, थोरल्याच्या आधी आईची तीन पोरं गेली. मग ह्याला दगडू म्हटलं. दगडाला कोण नेतंय?"

म्हणजे काही नावे दुसऱ्यांच्या तिरस्कारातून आली असतील, पण हे नाव आईच्या भीतीतून आले होते. मुलीने पुन्हा टॅब्लेट उघडला आणि थोरल्या आजोबांच्या आधी तीन रिकामे चौकोन टाकले. ती तीन मुले कोणत्याही कागदावर नव्हती.

मग तिने विचारले, "आणि तुझ्या आईचं नाव काय?"

आत्याआजी बोलेना. आमच्या घरात पणजीला सगळे 'थोरली बाय' म्हणत. तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल काढून मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घेतली होती, त्यातही मुलांच्या जन्माच्या नोंदीला बापाचेच नाव होते. आत्याआजी शेवटी एवढेच म्हणाली, "ते लिव्हू नगंस."

त्यानंतर दोन महिन्यांनी ती आजारी पडली, म्हणून आम्ही पुन्हा गेलो. त्या रात्री तिने आपण होऊन नातीचा हात धरून सांगितले. पणजीच्या आधी चार मुली झाल्या होत्या. पाचवीही मुलगीच झाली, म्हणून तिचे नाव ठेवले नकुशी.

आत्याआजीने आणखी सांगितले. महारकीच्या कामाला हात हवा, म्हणून पणजोबा पोराला शाळेत घालायला तयार नव्हते. सार्वजनिक शाळा आणि पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात झाला होता, पण तो ठराव आमच्या माळावर कोणी वाचून दाखवणार नव्हते. पणजी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन मास्तरांच्या दारात गेली आणि पोराला घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणाली. आजोबा ओट्यावर बसून शिकले. पाटीच्या पैशांसाठी पणजीने पायातले वाळे मोडले.

आम्ही ऐकत होतो आणि आमच्या डोळ्यांपुढे ते रजिस्टर उभे राहिले. १९३१ ची ती ओळ, जिच्यावर आमच्या मुलीचे प्रमाणपत्र झाले, ती नकुशीने लिहवून घेतली होती. आणि आम्ही शिक्क्याच्या कागदावर शपथपूर्वक जी वंशावळ लिहून दिली, तीत तीच नव्हती.

घरी आल्यावर वाद झाला. चौकोनात काय लिहायचे? आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे होते, की असले नाव पुढच्या पिढ्यांना कशाला दाखवायचे? आपण तिला एक चांगले नाव देऊ. त्यालाही आधार होता. याच सातारा जिल्ह्यात २०११ साली जिल्हा परिषदेने नकुशी नावाच्या शेकडो मुलींचे नव्याने नामकरण केले होते. मुलगी म्हणाली, "त्या मुलींनी आपलं नाव स्वतः निवडलं. पणजीला विचारणार कोण?" बाबासाहेबांचे नावही साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' असे लिहिले गेले. ती नोंद कोणी पुसली नाही, उलट तो दिवस आज विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

आम्ही फोन करून आत्याआजीलाच विचारले. ती म्हणाली, "खरं हाय ते लिव्हा. पर म्होरं हे बी लिव्हा, की पोराला साळंत तिनं घातला."

त्याप्रमाणे लिहिले. नावाच्या जागी नकुशी, आणि टिपणात ते एक वाक्य, आत्याआजीच्या शब्दांत. ते सांगतानाचा तिचा आवाजही मुलीने ध्वनिमुद्रित करून त्याच चौकोनाला जोडून ठेवला आहे.

वाचक बंधू-भगिनींना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. असे ॲप वापरताना आपले झाड सगळ्यांना दिसेल असे ठेवू नये. विशेषतः हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते उघडे टाकू नयेत. दुसरे, टॅब्लेट पडतो, बिघडतो, ॲप बंदही पडते. म्हणून माहिती गेडकॉम नावाच्या फायलीत उतरवून दुसरीकडे ठेवावी. ती फाईल बहुतेक वंशवृक्षांच्या ॲपमध्ये चालते. शिवाय एक प्रत कागदावर काढून घरच्या ट्रंकेत ठेवावी. टॅब्लेट नसेल, तर शंभर पानी वहीदेखील पुरते.

पण सुरुवात कागदपत्रांपासून करू नका. घरात जी सर्वांत म्हातारी बाई असेल, तिच्याजवळ जाऊन बसा, आणि तिच्या आईचे नाव विचारा. ती पहिल्यांदा सांगणार नाही. पुन्हा जा. यंदाच्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन आटोपल्यावर प्रत्येक घराने आपल्या दोन आज्यांची आणि चार पणज्यांची नावे लिहून आणावीत, असे आम्ही आमच्या शाखेत ठरवले आहे. पहिल्या रविवारी आम्ही आमच्या पणजीचे नाव वाचणार आहोत.

जयभीम!