थांबायला निमित्त हवे

घरातील वडीलधारी व्यक्ती एकदा पडली, की पुढचे कित्येक महिने साऱ्या घराचे बोलणे ‘जपून’ आणि ‘नको’ या दोन शब्दांभोवती फिरू लागते, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. हाड सांधते, प्लास्टर निघते, पण भीती मागे उरते. भीतीपोटी चालणे कमी होते, मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल सावरण्याची शरीराची सवय मोडते आणि ज्या पडण्याला भ्यायचे, तेच अधिक जवळ येते. डॉक्टरांना हे दुष्टचक्र चांगले परिचयाचे आहे. घरच्यांना ते सहसा ओळखू येत नाही, कारण ते काळजीच्या वेषात येते.

माझ्या 78 वर्षांच्या सासूबाई गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात घसरून पडल्या. मनगटाचे हाड यथावकाश जुळले, परंतु दवाखान्याखेरीज त्या जिना उतरल्या नाहीत. आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाने फाल्गुनात पाषाण तलावाच्या काठाने सकाळची फेरी ठरवली, तेव्हा त्या येतील अशी आशा मी धरली नव्हती. मी चार वेळा विचारले, चारही वेळा “आता काय करायचंय मला तळं बघून?” हेच उत्तर आले. शेवटी शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, “वहिनी, मी फार हळू चालते. मला सोबत हवी, तुम्ही याल का?” सासूबाई लगेच तयार झाल्या. आधार देऊ केला की वृद्ध माणूस अवघडतो, आधार मागितला की उभा राहतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

पुण्याच्या पश्चिमेस, राम नदीवर बांध घालून हा तलाव झालेला आहे. वाढत्या शहराने त्याला चहूबाजूंनी वेढले आहे, जलपर्णीने त्याचे पाणी अनेकदा झाकले जाते, तरीही काठाच्या झाडीत सकाळी शहराचा विसर पडतो. आम्ही चौदा जण होतो. संघाचा एकच नियम होता : सर्वांत हळू चालणाऱ्याने सर्वांत पुढे राहायचे. साध्या वाटणाऱ्या या नियमात मोठे शहाणपण आहे. मागे पडलेल्या माणसासाठी इतर थांबतात खरे, पण तो धापा टाकत पोहोचला की लगेच निघतात, म्हणजे विश्रांती मिळते ती ज्यांना गरज नाही त्यांना.

पहिल्या वळणावरच कुणीतरी पाण्याकडे बोट दाखवले. हळदी-कुंकू बदकांची जोडी होती. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि मुळाशी लाल ठिपका, म्हणून हे नाव. सगळे थांबले. काठीवर भार देऊन, झाडाला टेकून, जमेल तसे पाहू लागले. पुढे टिबुकली दिसली. ती बुडी मारून कुठे वर येते, याची वाट पाहण्यात दोन-तीन मिनिटे सहज गेली. तांबटाचे टुक् टुक् ऐकू येत होते, पण पानांत तो काही केल्या सापडेना, त्यातही वेळ गेला. किलोमीटरभर वाटेत आम्ही निदान दहा वेळा थांबलो असू आणि एकदाही कुणाला ‘मला दम लागला’ असे म्हणावे लागले नाही. वाचकहो, या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहिते आहे. वार्धक्यात थांबण्याचे श्रम होत नाहीत, लाज वाटते. पक्ष्याने ती लाज झाकली.

जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि आठवड्यातून निदान तीन दिवस तोल व ताकद वाढवणाऱ्या हालचाली सुचवते. आकडा पाहून घाबरू नये. ज्यांना तेवढे झेपत नाही, त्यांनी झेपेल तेवढे करावे, असेही ती सांगते. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम श्रमाची सोपी खूण. आमच्या गटात बोलणे अखंड चालू होते, तेव्हा त्याविषयी शंका नको.

आता एक नाजूक विषय. फेरीला निघण्यापूर्वी कितीतरी स्त्रिया पाणीच पीत नाहीत, कारण वाटेत शौचालय मिळेल याची खात्री नसते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे तर अधिकच धास्तावतात. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, त्यात फाल्गुन-चैत्राचे ऊन नऊ वाजताच डोक्यावर येते, मग चक्कर आली तर नवल ते काय? ही व्यवस्था आयोजकांनी आधी पाहावी आणि सर्वांना उघडपणे सांगावी. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे, गोळी स्वतःहून टाळू नये. मधुमेह असलेल्यांनी उपाशी निघू नये, खिशात साखर ठेवावी.

सोबत जाणाऱ्यांनी वृद्धांचा दंड पकडून ओढू नये. आपला हात त्यांना धरू द्यावा आणि अशक्त बाजूला अर्धे पाऊल मागे राहावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पायाखालची पायरी पुसट दिसते, हे फारसे कुणी सांगत नाही, म्हणून उतारावर मान थोडी वाकवून पाहावे. बाकावरून उठल्यावर लगेच पाऊल टाकू नये, क्षणभर उभे राहावे.

परतताना एक निष्पर्ण, लाल फुलांनी लगडलेले झाड दिसले. पळस की पांगारा, यावर निवृत्त मंडळींचा वाद रंगला. सासूबाईंनी खोडावरचे काटे दाखवून सांगितले, “सावर आहे ही. आमच्याकडे हिच्या कापसाच्या उशा करायचे. माझ्या रुखवतात दोन होत्या.” मग कापूस वेचण्यापासून उशी शिवण्यापर्यंतची हकिगत त्यांनी उभ्यानेच सांगितली, काठी काखेत मारून. आठ महिन्यांत इतका वेळ त्या आधाराशिवाय उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. मी हात पुढे केला नाही, काकूंनीही केला नाही.

पाडव्यानंतरची फेरी साडेसहालाच निघणार आहे. सावरीची बोंडे तोवर उकलतील का, असे काकूंनी विचारले, तेव्हा “जाऊन बघू की,” असे सासूबाई म्हणाल्या.