ड्रमशिवायचा ठेका

कोलोरॅडोत मुलांकडे उन्हाळ्यात येणारे आईवडील एकदा तरी रेड रॉक्सला जातातच. दोन अवाढव्य तांबड्या खडकांच्या कुशीत १९४१ साली सुरू झालेलं हे उघडं नाट्यगृह, बसायची सोय साडेनऊ हजारांची. त्या रात्री जॅमग्रासचा, म्हणजे जॅम करणाऱ्या, गाण्यात आयत्या वेळी सुचेल तसा विस्तार करणाऱ्या ब्लूग्रास बँडचा कार्यक्रम असला, तर दुसऱ्या दिवशी मला फोन येतो, कारण मी अशा मैफलींचं साउंड करतो. तक्रारी ठरलेल्या: एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं ते कळलंच नाही. आणि ड्रम नाही, तबला नाही, मग ही माणसं नाचतात तरी कशावर?

आधी मूळ घराणं बघू. केंटकीच्या बिल मन्रोने आपल्या बँडला राज्याच्या टोपणनावावरून ‘ब्लू ग्रास बॉइज’ म्हटलं. १९४५च्या डिसेंबरात तीन बोटांनी बॅन्जो वाजवणारा अर्ल स्क्रग्ज त्यात आला आणि या संगीताला आजचं रूप मिळालं. मँडोलिन, बॅन्जो, फिडल, गिटार आणि उभा बास ही पाच मुख्य वाद्यं. पुढे मांडीवर आडवी घेऊन पोलादी पट्टीने वाजवायची डोब्रोही रुळली. गाणं जेमतेम तीन मिनिटांचं. एक कडवं झालं की एखाद्या वाद्याने आपली करामत दाखवायची, तिला ‘ब्रेक’ म्हणतात. पुन्हा कडवं, पुन्हा दुसऱ्याचा ब्रेक. मोजकं, नेमकं काम.

ड्रम नसला तरी ठेका असतो, तो वाटून घेतलेला असतो. चार मात्रांपैकी पहिली आणि तिसरी बासकडे. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनचा ‘चॉप’. वादक डाव्या हाताने कॉर्ड धरतो, उजव्याने तारांवर फटका देतो आणि त्याच क्षणी डावी बोटं सैल सोडतो. स्वर उमलायच्या आत मिटतो, कोरडा ‘चक्’ तेवढा ऐकू येतो. हजारो पाय पडतात ते त्या ‘चक्’वर. खरी गंमत मँडोलिनचा ब्रेक आला की बघावी. चॉप करणारे हात आता सुरावटीत गुंतले, मग ती मात्रा सांभाळणार कोण? कधी बॅन्जो, कधी फिडलचा गज, कधी गिटार ती न सांगता उचलते. म्हणून मी पाहुण्यांना सांगतो, ब्रेक घेणाऱ्याकडे सगळेच बघतात, तुम्ही बाकीच्यांचे हात बघा.

या आटोपशीर गाण्यात जॅम शिरला तो सत्तरच्या दशकात. १९७१ साली सॅम बुश आणि साथीदारांनी ‘न्यू ग्रास रिव्हायवल’ काढून ब्लूग्रासमध्ये रॉकची मोकळीक आणली. १९७३ साली ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडच्या जेरी गार्सियाने गिटार बाजूला ठेवून बॅन्जो घेतला आणि डेव्हिड ग्रिसमन, पीटर रोवन यांच्यासोबत ‘ओल्ड अँड इन द वे’ हा बँड केला. तो फार टिकला नाही. पण तासन्‌तास वाजणाऱ्या ‘डेड’च्या चाहत्यांना ब्लूग्रासची वाट त्याने दाखवली. कोलोरॅडोतल्याच टेल्युराइडचा महोत्सव १९७४ पासून भरतो आहे. आज मिशिगनचे ‘ग्रीनस्काय ब्लूग्रास’ आणि बिली स्ट्रिंग्ज ही या वाटेवरची मोठी नावं आहेत.

जॅम सुरू झाला हे ओळखायचं कसं? ब्रेकची लांबी ठरलेली असते, कॉर्डचं एक आवर्तन पुरं झालं की गायक परततो. एखाद्या वेळी आवर्तन संपतं आणि गायक परततच नाही. बास एकाच कॉर्डवर ठिय्या देऊन बसतो आणि वर गिटार हिंडायला लागते. आपला कान इथे चटकन जागा होतो. कॉर्डची ये-जा थांबलेली, खाली एक आधार कायम आणि वर विस्तार, हे आपल्या ओळखीचं आहे. शिवाय बॅन्जोची पाचवी तार तोकडी असते, तिची खुंटी दांडीवर मध्येच, पाचव्या पडद्यापाशी. अंगठ्याने ती सारखी छेडली जाते, जवळजवळ चिकारीसारखी. बॅन्जोवादक बेला फ्लेक, बासवादक एडगर मेयर, झाकीर हुसेन आणि राकेश चौरसिया यांच्या ‘अ‍ॅज वी स्पीक’ या २०२३च्या अल्बममध्ये ही जवळीक स्पष्ट ऐकू येते.

पण राग शोधू नका. इथे वर्ज्य स्वर नसतो. कुणी परका स्वर आणला तर बाकीचे कपाळाला आठ्या न घालता आधारच हलवतात. दहा-पंधरा मिनिटांनी एखादा गाण्यातली ओळखीची सुरावट हळूच पेरतो, माना वर होतात, नजरा मिळतात आणि सगळे एकदम कडव्यावर उतरतात. किंवा भलत्याच गाण्यावर! चाहते त्या रात्रीची यादी लिहिताना अशा दोन गाण्यांमध्ये बाणाची खूण करतात.

आता माझ्या खात्यातलं. जुने बँड एका माइकभोवती उभे राहत. ज्याचा ब्रेक तो पुढे, बाकीचे मागे. आवाजाचा तोल पायांनीच साधला जाई. नाचणाऱ्या हजारोंपुढे एवढा आवाज चढवला तर माइक किंचाळतो, म्हणून आता वाद्यांतच तारांची कंपनं टिपणारे पिकअप असतात. उभ्या बासचं पोकळ पोट एखाद्या खर्जाच्या स्वराला घुमायला लागतं. तेवढीच पट्टी छाटणं हा माझा पहिला उद्योग. पिकअप आल्यावर आवाजाचा पोत बदलणारे पेडलही आले आणि डोब्रो विजेच्या गिटारसारखी गुरगुरू लागली. जुने रसिक यावर नाकं मुरडतात. माझं मत विचाराल तर पेडल चालतील, लय ढिली चालणार नाही. ‘स्ट्रिंग चीज इन्सिडंट’सारखे बँड ड्रम घेतात, मग मँडोलिन चॉपच्या बंधनातून सुटते आणि मैफल रॉककडे झुकते.

बाकी तयारी सोपी. बहुधा दोन सत्रं, मध्ये विश्रांती, शेवटी आग्रहाचं एखादं गाणं. छापील कार्यक्रम मिळत नाही. लोक उभे राहतात, तेव्हा आरामात बसून ऐकायची आशा नको. कानात बोळे घाला. रेड रॉक्स साडेसहा हजार फुटांवर आहे, पाणी आणि स्वेटर हवाच. गर्दीत उंच काठीवर माइक लावून कुणी ध्वनिमुद्रण करताना दिसला तर चोर समजू नका. अनेक बँड त्याला उघड परवानगी देतात, ही ‘डेड’च्या चाहत्यांचीच परंपरा.

आणि जमलं तर लागोपाठ दोन रात्रींची तिकिटं काढा. सहसा आदल्या रात्रीची गाणी दुसऱ्या रात्री येत नाहीत. क्वचित एखादं आलंच, तर काल ते कुठे वळलं होतं आणि आज कुठे वळतंय हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. एका रात्रीत ठरवून वाजवलेलं कुठलं आणि त्या क्षणी सुचलेलं कुठलं, याचा पत्ता मलासुद्धा लागत नाही.